हिंगोलीतल्या एका फलकाचं प्रकरण

रामलीला मैदानाच्या कडेला लावायच्या फलकासाठी चार ओळी लिहून द्या, असं आमच्या भागातल्या तरुण मंडळाच्या पोरांनी मला श्रावणात सांगितलं. मी शाळेत मराठी शिकवते, अक्षर बरं आहे, म्हणून अशी कामं माझ्याकडं येतात. दसऱ्याला दोन महिने होते. चार ओळींना कितीसा वेळ लागणार, असं मलाही वाटलं. त्या दसऱ्याला चुकीचा फलक लागला, आणि बरोबर मजकूर हाती यायला पुढचा दसरा उजाडला. मधल्या वर्षात काय काय झालं ते मी सविस्तर लिहून ठेवते आहे. अंबाजोगाईत, जालन्यात, छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात उद्या कुणी असंच काही करायला बसेल, तर आमची चूक त्यांच्या कामी यावी.

हिंगोली माहीत नसलेल्यांसाठी थोडं सांगते. कयाधू नदीच्या काठचं हे गाव. २०११ च्या जनगणनेत वस्ती ८५ हजारांच्या आसपास. १ मे १९९९ पर्यंत आम्ही परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण होतो, त्या दिवसापासून जिल्हा झालो. औंढा नागनाथ जवळ, संत नामदेवांचं नर्सी त्याहून जवळ. एरवी वर्षभर हळदीचा आणि सोयाबीनचा बाजार सोडला तर गावात फार हालचाल नसते. वर्षातून दोनदा मात्र गाव ओळखू येत नाही. अनंत चतुर्दशीला गड्डेपीर गल्लीतल्या चिंतामणी गणपतीला नवसाच्या मोदकासाठी पहाटेपासून रांगा लागतात. आणि नवरात्रात रामलीला मैदानावर दसरा भरतो.

मंडळानं माझ्याकडं यायच्या आधी आपल्यातल्याच एका मुलाकडून एक ओळ मागवली होती. तो पुण्यात सहलींच्या व्यवसायात आहे. त्यानं पाठवलेली ओळ अशी: ‘एक शांत वसाहतकालीन शहर, पारंपरिक सणांच्या जल्लोषासाठी प्रसिद्ध.’ ओळ वाचायला गोड होती. मी फक्त ती चार ओळींपर्यंत वाढवायची होती.

‘वसाहत’ म्हणजे कोणती?

पहिली बैठक पेन्शनपुऱ्यातल्या एका ओट्यावर झाली. मी ओळ वाचून दाखवली. सत्तरी ओलांडलेले एक मामा म्हणाले, “बाई, वसाहतीच्या काळातलं म्हणजे कोणत्या वसाहतीच्या? शिक्षक वसाहत तर आत्ता आत्ताची आहे.”

पोरं हसली, पण मामांनी प्रश्न मनापासून विचारला होता, आणि चूक त्यांची नव्हती. आमच्याकडं वसाहत म्हणजे शिक्षकांची, पोलिसांची नाहीतर एमआयडीसीची. इंग्रजांच्या राज्याला वसाहत म्हणणं पुस्तकात आहे, तोंडात नाही. ज्या गावाचा फलक त्याच गावातल्या माणसाला पहिल्या शब्दाला अडखळायला लावतो, तो फलक कुणासाठी? हा प्रश्न मी त्याच रात्री वहीत लिहून ठेवला. पुढं वर्षभर तोच पुरला.

मग सुचवणं आलं की ‘ब्रिटिशकालीन’ लिहा. त्यावर दुसरे एक काका तडकले. “आपण ब्रिटिशांचे कधी होतो? आपल्याकडं निजाम होता. देशाला पंधरा ऑगस्टला मिळालं, आपल्याला सतरा सप्टेंबरला मिळालं. माझे वडील त्या लढ्यात होते.” त्यांचं म्हणणं खरं होतं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हिंगोली हैदराबाद संस्थानात होती. तेव्हा ‘निजामकालीन’ लिहा, असं ठरू लागलं. तेवढ्यात पलटण भागातला एक मुलगा म्हणाला, “मग आमच्या भागाचं नाव इंग्रजी शब्दावरून कसं? पलटण म्हणजे प्लाटून ना?”

खरी गाठ इथं होती, आणि ती सोडवायला मला आठवडा लागला. निजामानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक फौज उभी केली. हेन्री रसेल हैदराबादला रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा प्रतिनिधी, होता त्या काळात तिला आकार आला. शिपाई इथले आणि उत्तरेकडचे, हुकूम इंग्रजांचा, पगार निजामाच्या तिजोरीतून. हा पगार निजामाला झेपेना. कर्ज चढत गेलं. शेवटी १८५३ च्या तहानं वऱ्हाड इंग्रजांकडं गेलं, त्याच्या महसुलातून फौजेचा खर्च भागायचा. तेव्हापासून ही फौज ‘हैदराबाद कंटिंजंट’ म्हणून निजामाच्या सैन्यापासून नावानंही वेगळी झाली. हिंगोली हे तिचं एक ठाणं. पैनगंगेपलीकडं लगेच वऱ्हाड, म्हणून हे ठाणं मोक्याचं होतं. मोमिनाबाद, म्हणजे आजची अंबाजोगाई, औरंगाबाद, जालना, वऱ्हाडातलं एलिचपूर, ही तिची इतर काही ठाणी.

म्हणजे जमीन निजामाची, छावणी इंग्रजांची, आणि भुर्दंड सगळ्यांत जास्त वऱ्हाडच्या शेतकऱ्याला. हे तीन वाक्यांत मावतं, पण ‘कालीन’ लावून एका शब्दात मावत नाही. मी बैठकीत सांगितलं की आपण कोणतंच ‘कालीन’ लिहू नये. ‘छावणीचं गाव’ लिहावं. छावणी हा शब्द मामांनाही कळतो, नातवालाही. हे मात्र एकमतानं मान्य झालं.

‘शांत’ या शब्दाचं काय करायचं

हा शब्द सगळ्यांना आवडला होता. मलाही. पण दुसऱ्या बैठकीला एक निवृत्त शिक्षक आले, आमच्यापैकी कित्येकांचे सर. त्यांनी हरिसिंगाची हकिगत सांगितली.

१८३० च्या आसपासची गोष्ट. हिंगोलीच्या छावणीत हरिसिंग नावाचा एक व्यापारी राहायचा. इंग्रज अधिकाऱ्यांचा त्याच्याशी रोजचा व्यवहार. एके दिवशी त्यानं कॅप्टन रेनॉल्ड्सकडं मुंबईहून कापड आणायचा परवाना मागितला. त्याला ठाऊक होतं की जवळच्याच एका गावचा दुसरा व्यापारी तसंच कापड घेऊन वाटेत आहे. हरिसिंगानं आपल्या टोळीकडून त्या व्यापाऱ्याला, त्याच्या माणसांना, बैल हाकणाऱ्यांना मारलं आणि ते कापड हिंगोलीत आणून उघड विकलं. हातात सरकारी परवाना होता. पकडला गेल्यावर त्यानं स्वतः सांगितलं नसतं तर हे कधी उघडकीला आलं नसतं. ठग होता तो. छावणीच्या बाजारातच, पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत, त्याच्या टोळीनं कित्येक माणसं मारली.

सर म्हणाले, “त्या काळात कुणी इंग्रज साहेबानं पत्रात लिहिलं असेल, की हे ठाणं फार शांत आहे. आवाज नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं बाहेरच्या माणसाला वाटतं.”

ओट्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक काकू म्हणाल्या, “आणि दसऱ्याचे दहा दिवस आमच्या घरात झोप कुणाला असते हो? पाळण्याचे भोंगे रात्री बारापर्यंत. शांत कामून लिहायचं?”

मला वाटतं, आमच्या गावाच्या शांततेला एक तारीख आहे. १९०२ साली व्हाइसरॉय कर्झननं वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं घेतलं, वर्षाला २५ लाख रुपये निजामाला द्यायचे ठरले. पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, कंटिंजंट हिंदुस्थानी लष्करात मिसळून टाकली गेली आणि छावणी उठली. याचा अर्थ काय होता ते घोडदळावरून समजतं. कंटिंजंटचं घोडदळ शिलेदारी पद्धतीचं होतं. म्हणजे घोडा, खोगीर, चारा, सगळं पाहायचं शिपायानं आपल्या पगारातून. दुसऱ्याच्या घोड्यावर बसायचा तो बारगीर. हे दोन्ही शब्द आपलेच, शिवकाळापासूनचे. एका रिसाल्यामागं, म्हणजे घोडदळाच्या तुकडीमागं, गवत विकणारे, नालबंद, जीनगर, धोबी, शिंपी, दाणेवाले असा आख्खा बाजार उभा असायचा. तो बाजार म्हणजे सदर बाजार. रिसाला गेला आणि या सगळ्यांच्या हातचं काम गेलं. १९१२ मध्ये पूर्ण्याहून रेल्वे आली, कापसाचा व्यापार वाढला, गाव सावरलं. पण गवत विकणाऱ्या बाईला कापसाच्या दलालीत कुणी घेतलं नसणार.

त्यामुळं ‘शांत’ हा शब्द मी खोडला. पाहुण्याला जो निवांतपणा दिसतो, तो इथल्या कुणाच्या तरी पणजोबांची रोजी बुडाल्यावरचा आहे.

१८५७ वरून झालेलं भांडण

हा भाग थोडक्यात सांगते, कारण त्यातून काही निष्पन्न झालं नाही. मंडळातल्या दोघा-तिघांना फलकावर सत्तावन्नचा उठाव हवा होता. जून १८५७ मध्ये औरंगाबादला कंटिंजंटच्या घोडदळानं बंड केलं, ते मोडून काढल्यावर शिपायांना मृत्युदंड झाले, आणि जिथं ते झाले तो काळा चबुतरा आज क्रांती चौक म्हणून ओळखला जातो. हे सगळं खरं, पण औरंगाबादचं. शिवाय याच कंटिंजंटच्या इतर तुकड्या पुढच्या वर्षी इंग्रज सेनापती ह्यू रोझच्या फौजेत झाशीच्या बाजूनं चालून गेल्या, इंग्रजांकडून. मी हे सांगितलं तेव्हा पेन्शनपुऱ्यातले मामा खाली बघत बसले. त्यांच्या घरात एका पणजोबांच्या पेन्शनीची आठवण आहे. मी विषय तिथंच थांबवला. चार ओळींच्या फलकावर जे समजावून सांगता येत नाही, ते अर्धवट लिहून एखाद्या घराला खाली मान घालायला लावू नये, असं मला आजही वाटतं.

दोन दसरे

‘पारंपरिक सण’ या शब्दांवर वाद होईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. पण सगळ्यांत जास्त शिकले मी इथंच.

आमच्या घरी दसरा म्हणजे घट. शेतातली काळी माती पत्रावळीवर पसरायची, त्यात गहू-ज्वारी पेरायची, मधे मातीचा घट, वर नागवेलीची पानं आणि नारळ, नऊ दिवस फुलांची माळ. दसऱ्याला ते पिवळे कोंब उपटून देवाला, घरच्या पुरुषांच्या टोपीत, पोरींच्या वेणीत. संध्याकाळी सीमोल्लंघन, आपट्याचं सोनं. यात रावण कुठंच नाही. मराठवाड्यातल्या बहुतेक खेड्यांत जुन्या माणसांना विचारा, रावण जाळायची चाल त्यांच्या लहानपणी नव्हती.

मैदानावरचा दसरा वेगळा. तिथं रामलीला होते, उत्तरेकडची मंडळी येऊन करतात, संवाद हिंदीत. दशमीला ५१ फुटी रावण जळतो. या उत्सवाला दीडशेहून अधिक वर्षं झाली, आणि त्याचं मूळ खाकीबाबा मठात आहे. रामानंदी वळणाचा साधूंचा मठ, भोवती उत्तरेकडच्या शिपायांची छावणी, आणि मधे रामलीला. हे तिन्ही एका ठिकाणी येणं मला योगायोग वाटत नाही. घरापासून शेकडो कोस दूर आलेल्या शिपायाला आपल्या बोलीतला राम ऐकायचा असणार. पलटण गेली, त्यांचा राम राहिला. आणि ज्यांचा तो नव्हता त्यांनी तो आपला केला. आमच्या घरी दुपारी घट हलतो आणि रात्री आम्ही सगळे मैदानावर जातो. कोंब टोपीत खोचलेला शेतकरी हिंदीतला रावण पाहतो आणि त्याला त्यात काही वेगळं वाटत नाही.

हे मी बैठकीत बोलले तेव्हा एका पोरानं विचारलं, “मग बाई, यातला पारंपरिक कोणता?”

मला उत्तर देता आलं नाही. दोन्ही, असं म्हणणं सोपं होतं. पण पारंपरिक म्हटलं की कुणी बाहेरून आणलं, कुणी रुजवलं, हे पुसलं जातं, आणि आमच्या दसऱ्यात तेच तर बघण्यासारखं आहे.

चुकीचा फलक

इथवर यायला भाद्रपद संपत आला. मजकूर ठरत नव्हता आणि पोरांचा धीर सुटला. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी त्यांनी पुण्याहून आलेली मूळ ओळच घेतली, खाली ‘इंग्रजांनी वसवलेल्या या नगरीत आपले सहर्ष स्वागत’ असं जोडलं, आणि मोठा डिजिटल फलक छापून मैदानाच्या तोंडाशी लावला. मला सकाळी कळलं.

मी चिडले नाही असं म्हणणार नाही. पण चूक माझीही होती. दीड महिना मी शब्द खोडत राहिले. कामापुरतं चार ओळींचं काही हातात द्यायला हवं होतं, ते दिलं नाही. चर्चा करणाऱ्याला तारीख नसते, उत्सवाला असते.

त्या फलकाचं काय झालं ते मी रोज संध्याकाळी जाऊन पाहिलं. पहिल्या दिवशी दोघांनी त्याच्यापुढं उभं राहून फोटो काढले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या स्वेटरवाल्यानं त्याच्या दोरीला दोरी बांधून माल लटकवला. मैदानाच्या तोंडाशी गर्दीचा रेटा असतो, लेकरांचा हात धरलेला असतो, मागून कुणी ढकलत असतं. तिथं थांबून वाचायची सोय कुणालाच नव्हती. ‘इंग्रजांनी वसवलेल्या’ या शब्दांवरून मात्र सतरा सप्टेंबरवाले काका मंडळाच्या पोरांना गाठून बोलले, आणि पोरांनी सातव्या माळेला फलक स्वतःच उतरवला. काकांना त्यांनी काही उलट उत्तर दिलं नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटली. काम पुढं नेता येईल असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

पत्र्याचे पाच फलक

दिवाळीनंतर आम्ही नव्यानं बसलो. या वेळी मी एक अट घातली: पूर्ण गावाबद्दल काही लिहायचं नाही. आमच्याकडं छावणीचे बंगले फार उरलेले नाहीत, पण नावं सगळी जिवंत आहेत. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार. रिक्षावाल्याला रोज सांगतो ती. मग फलक तिथंच लावायचे, छोटे, पत्र्याचे, हातानं रंगवलेले, आणि मजकूर त्या भागातल्या लोकांना वाचून दाखवूनच रंगवायचा.

हे ऐकायला सोपं वाटतं. प्रत्येक भागात तीन-तीन चकरा झाल्या. तोफखान्यात एका चाचांनी ‘फ’ला हरकत घेतली. “आम्ही तोपखाना म्हणतो. माझे दादा तोपखाना म्हणायचे. तुमच्या पुस्तकात काहीही असू द्या.” मी मराठीची शिक्षिका, हात शुद्धलेखनाकडं वळतो. पण फलक त्यांच्या दारात लागणार होता. ‘तोपखाना’ असंच रंगवलं.

पेन्शनपुऱ्याचा मजकूर मामांनी सांगितला, मी फक्त जुळवला: ‘नोकरी करून पेन्शनीवर निघालेले शिपाई गावी न परतता इथं घर करून राहिले. त्यांची नावं सरकारी कागदात असतील, घरं इथं आहेत.’ रिसाल्याच्या फलकावर शिलेदार आणि बारगीर यांतला फरक आला. पलटणीच्या फलकावर १८५३ आणि १९०३ ही दोन सालं आली, बाकी काही नाही. सदर बाजारात व्यापाऱ्यांनी हरिसिंग लिहू नका म्हणून सांगितलं. मला तो हवा होता. मी दोनदा समजावलं, मग सोडून दिलं. तिथं आता गवत, दाणा, नाल आणि जीन विकणाऱ्या बाजाराची आठवण आहे.

दसऱ्याबद्दलच्या ओळी कुठं लावायच्या हा प्रश्न राहिला होता. मैदानाच्या तोंडाचा धडा मिळालेला होता. एका काकूंनी सुचवलं की रामलीला सुरू व्हायच्या आधी बायका-लेकरं जागा धरून तासभर बसलेली असतात, तेव्हा माइकवरून वाचून दाखवा. तसंच केलं. चौथ्या माळेला आमच्या शाळेतल्या दोन मुलींनी घटाचा दसरा आणि पलटणीचा दसरा असं आळीपाळीनं वाचलं. पाच मिनिटांचं काम. मागं पाळण्याचे भोंगे चालूच होते. वाचून झाल्यावर पुढच्या रांगेतली एक आजी मुलीला म्हणाली, “आमच्या सासूबाई या नाटकाला ‘परदेशी लोकांची लीला’ म्हणायच्या. आम्ही आपली लीला म्हणतो.” मुलीनं ते येऊन मला सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं.

एक उणीव नोंदवायला हवी. गड्डेपीर गल्लीत फलक लावायचं आमच्या डोक्यातच आलं नाही. ज्या गल्लीच्या नावात पीर आहे आणि जिच्यात नवसाचा गणपती आहे, तिला आम्ही छावणीच्या यादीत नाही म्हणून वगळलं. गल्लीतल्या लोकांनी अनंत चतुर्दशीला आठवण करून दिली, तेव्हा रंग आणि पत्रा दोन्ही संपलं होतं.

दसरा संपल्यावर कोजागिरीच्या सुमारास मी रिसाल्यातून जात होते. फलकाच्या खाली, पत्र्याच्या रिकाम्या कडेवर, कुणीतरी खडूनं लिहिलं होतं: ‘आमचे पणजोबा इथं नालबंद होते.’ त्याखाली दुसऱ्या हातानं: ‘आमचे पण.’ आठवडाभरात पावसाची सर आली आणि ते धुऊन गेलं. मी ते पेंटरना सांगितलं. ते हळदीच्या मोंढ्यातल्या दुकानांच्या पाट्या रंगवतात, फार बोलत नाहीत.

गड्डेपीर गल्लीचा पत्रा त्यांनी या महिन्यात रंगवायला घेतला. मजकूर दिला तेव्हा त्यांनी पट्टी लावली, खडूनं रेघा मारल्या आणि विचारलं, “बाई, खाली जागा किती सोडू?”

मी म्हटलं, “वीतभर सोडा.”

त्यांनी हातभर सोडली.